उगामुगा

गेल्या चैत्रात शिंदखेड्याच्या एस.टी. स्थानकावर दोंडाईच्याच्या गाडीची वाट पाहत आम्ही जवळजवळ दोन तास बसून होतो. समोरच्या बाकावर एक आजी होती. तिच्या खांद्यावरचे सहा-सात महिन्यांचे मूल उन्हाने कासावीस होऊन रडत होते. पदराने त्याला वारा घालत, पाठीवर थोपटत, बाकापासून नळापर्यंत येरझारा घालत ती एकच शब्द म्हणत होती, ‘उगी, उगी, उगी.’ मूल हळूहळू निवले. काही वेळाने ती निघून गेली आणि त्याच बाकावर एक वृद्ध शेतकरी येऊन टेकले. अनोळखी माणसाजवळ मन मोकळे करावे तसे ते आम्हांला आपल्या शेताच्या मोजणीची हकीकत सांगू लागले. बांधावरचा दगड पूर्वी कोठे होता, तो कोणी हलवला, अर्ज किती झाले, खेटे किती झाले. सोबत त्यांचा मुलगा होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दबक्या आवाजात तो म्हणाला, ‘बाबा, तू उगामुगा बठ. उगाच लोकेसले काय सांगस?’ म्हातारबा वाक्याच्या मध्येच थांबले. आमची गाडी लागली, आम्ही चढलो. त्या मोजणीचे पुढे काय झाले ते आम्हांला कधीच कळले नाही.

एकाच बाकावर, तासाभराच्या अंतराने, एकच शब्द तीन रूपे घेऊन कानांवर पडला होता. गाडीत बसल्यावर तो काही केल्या मनातून जाईना.

‘उगा’ हा मराठीचा फार जुना शब्द. संतांच्या वाणीत तो वावरतो. मोल्सवर्थ साहेबांचा जो कोश १८३१ मध्ये प्रथम निघाला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापला गेला, त्यात ‘उगा’ म्हणजे शांत, स्तब्ध, गप्प अशीच नोंद सापडते. ‘मुगा’ हे मुक्याचे भावंड. दोघे मिळून ‘उगामुगा’ झाला. शहरी मराठीने एकटा ‘उगा’ जवळजवळ टाकून दिला आहे. खानदेशात मात्र तो घरोघरी आहे, आणि आईच्या ओठांवर ‘उगी’ होऊन तो अवघ्या महाराष्ट्रात आहे. जुन्या मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी गालील समुद्रावरचे वादळ शमवणाऱ्या प्रभूच्या तोंडी हाच शब्द घातला. खवळलेल्या पाण्याला त्यांनी ‘उगा’ राहायला लावले. शब्दाची योग्यता कळायला तेवढे पुरे आहे.

पण याच शब्दाला एक ‘च’ चिकटला आणि ‘उगाच’, ‘उगीच’ झाले. जो उगा बसला तो काही करीत नाही. जो काही करीत नाही त्याच्या असण्याला कारण नाही. असे घसरत घसरत ‘उगाच’ म्हणजे निष्कारण असा अर्थ रुळला. शब्दांचे असे घसरणे नवे नाही, त्याबद्दल आमची तक्रारही नाही. आमची तक्रार त्या घसरणीचा फायदा घेणाऱ्यांविषयी आहे. ज्याने उगामुगा बसावे असे आपल्याला वाटते, तो बोलू लागला की त्याचे बोलणे आपोआप ‘उगाच’ ठरते. तक्रार खरी की खोटी हे पाहण्याची गरजच उरत नाही. एका ‘च’मध्ये तिचा निकाल लागून जातो.

त्या आजीच्या ‘उगी’वर आमचा आक्षेप नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिने मुलाचे ओझे खांद्यावर घेतले होते, ते घेऊन ती उन्हात चालत होती आणि मूल का रडते हे शोधत होती. मग ती ‘उगी’ म्हणाली. ज्याने अगोदर उचलून घेतले त्यालाच हा शब्द शोभतो. त्या मुलाचाही फारसा दोष आम्ही मानीत नाही. त्याच्या शब्दात दरारा नव्हता, भीती होती. वडिलांच्या बोलण्याने घरावर काही ओढवेल ही भीती खानदेशात अनेक पिढ्यांची आहे. आमचा वाद आहे तो तिसऱ्या प्रकारच्या माणसांशी. ती काहीही उचलत नाहीत, त्यांना कसलीही भीती नसते, आणि तरीही आजीच्या मायेचा आव आणून ती दुसऱ्याला ‘शांत व्हा’ म्हणतात. या माणसांत आम्ही स्वतःलाही धरतो. का, ते पुढे येईल.

सभ्य मराठीत ‘उगामुगा’चे काम ‘शांत’ करतो. हा शब्द देखणा आहे, संस्कृत आहे, देवघरातला आहे. म्हणूनच तो अधिक सांभाळून वापरायला हवा. कलह मिटला आहे आणि कोणी बोलत नाही, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आमच्या व्यवहारातली ‘शांतता’ मात्र दोन्हींना एकाच पिशवीत कोंबते. गावात दंगल होऊ नये म्हणून बसते ती शांतता समिती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत असते ते शांतता क्षेत्र. एक भांडण मिटवण्यासाठी, दुसरे भोंगे बंद करण्यासाठी. पुढे कोणी रस्त्यावर बसून न्याय मागू लागला की त्याच्यावर शांतता भंग केल्याचा ठपका येतो. त्याने नेमके काय भंगले, सलोखा की नुसती सामसूम, हे विचारायची सोय त्या शब्दातच ठेवलेली नाही. विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये आपल्या नाटकाला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाव दिले ते काही सहज नव्हे. त्या नाटकात शांततेची हाक कोणावर आणि कशासाठी उगारली जाते, हे ज्यांनी प्रयोग पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

आता शिंदखेड्याकडे वळू. ‘तालुका तसा शांत आहे हो,’ हे वाक्य आम्ही या भागात वरचेवर ऐकतो. बदली होऊन आलेला माणूस ते समाधानाने म्हणतो, जाणारा ते प्रशस्तिपत्रासारखे मागे ठेवून जातो. (दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात हंगामात एकदा उभे राहून पाहावे. तेथे ठसक्यावाचून कोणी मिनिटभरही शांत राहू शकत नाही. पण तो मुद्दा वेगळा.) याच शांत तालुक्यातील विखरण गावचे धर्मा पाटील हे शेतकरी. सौरऊर्जा प्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन घेण्यात आली. जमिनीत आंब्याची झाडे होती. मोबदला हाती पडला तो चार लाखांच्या घरात. आपल्यासारख्याच जमिनीला इतरांना कितीतरी पट अधिक मिळाले, ही त्यांची तक्रार होती. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला हा माणूस अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिला. त्याने ना दगड उचलला, ना रस्ता अडवला. शांत तालुक्यातल्या शांत माणसाने जसे वागावे अशी अपेक्षा असते, अगदी तसाच तो वागला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले, आणि २८ जानेवारीला जे.जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला.

असा मार्ग कोणीही धरू नये. जीवन हे देवाचे देणे आहे ही आमची श्रद्धा आहे, आणि असे मरण पावलेल्यांना आम्ही त्याच्याच दयेवर सोपवतो. पण त्यानंतर जे घडले तेही विसरू नये. जमिनीचे फेरमूल्यांकन झाले आणि चार लाखांचा आकडा ५४ लाखांच्या आसपास गेला. म्हणजे त्यांचे म्हणणे ‘उगाच’ नव्हते. जमीन तीच, झाडे तीच, कागदही बहुतेक तेच. माणूस बोलत होता तोवर तो आकडा कोणाला दिसला नाही, तो कायमचा उगा झाल्यावर दिसला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आणखी एकाने मंत्रालयात वरून उडी घेऊन प्राण गमावले आणि मग इमारतीच्या मधल्या चौकात जाळी बसवण्यात आली. पडणाऱ्याला झेलायला जाळी हवीच, तिच्यावर आम्ही टीका करीत नाही. पण तिच्या आधी कोठेतरी एक कान बसवला असता, तर ती इतक्या घाईने आणावी लागली नसती.

कानाचा विषय निघालाच आहे, तर खानदेशातली आणखी एक आठवण सांगतो. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये आसोद्याला जन्मल्या आणि १९५१ मध्ये वारल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या आयुष्यभर गात होत्या. पण मराठी साहित्याच्या दृष्टीने त्या सत्तर वर्षे ‘उग्या’ होत्या. चिरंजीव सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. तोवर गाणारी राहिली नव्हती. बहिणाबाई कधी गप्प होत्याच कोठे? ‘गप्प’ हे विशेषण आपण बोलणाऱ्याला लावतो, पण पुष्कळ वेळा ते ऐकणाऱ्याच्या कानांचे वर्णन असते. तालुका शांत आहे असे जो म्हणतो, त्याने आपला कान तपासून घ्यावा. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ ठेवले, तेव्हा ज्यांना त्यांनी मूक म्हटले त्यांना जिभा नव्हत्या असे थोडेच होते!

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की, लेखकमहाशय, आपण मौनाच्याच विरुद्ध बोलता आहात. मिस्सेत वाचनानंतर आणि ख्रिस्तप्रसादानंतर आपण जे मौन पाळतो त्याचे काय? मठवासी भगिनींच्या आयुष्यभराच्या मौनाचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही धुळ्याच्या तुरुंगातून देतो. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. समोर बसलेल्या कैद्यांत साने गुरुजी होते. ते उगे बसत आणि लिहून घेत. आज ती प्रवचने ग्रंथरूपाने आपल्याजवळ आहेत ती त्या उगे बसणाऱ्यामुळे. हे ऐकणाऱ्याचे मौन. त्यात दुसऱ्याच्या शब्दाला जागा असते. हेच हळवे, डोळ्यांत चटकन पाणी येणारे साने गुरुजी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढून शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मांडू लागले. अमळनेर काही दूर नव्हे, शिंदखेड्याच्याच रेल्वेमार्गावरचे गाव. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. त्यांना कोणी शांत माणूस म्हटले तर आम्ही आनंदाने मान डोलावू. मात्र तो शब्द मग साऱ्या अर्थाने घ्यावा लागेल. २०१६ साली महाराष्ट्रभर निघालेल्या मूक मोर्चांच्या मागण्यांविषयी मतभेद असू शकतात. पण लाखो माणसांनी स्वतः निवडलेली चुप्पी केवढी बोलकी असते, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. निवडलेले मौन आणि लादलेले मौन यांच्यात फरक करता येत नसेल, तर मौनाच्या थोरवीवर प्रवचन करू नये.

आणि शुभवर्तमान? मूळ ग्रीकमध्ये गप्प राहण्याचे एक क्रियापद आहे, ‘सिओपाओ’. मार्कच्या शुभवर्तमानात ते पाच वेळा येते आणि पाचही जागा शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. वादळाला प्रभू गप्प करतात ती एक. त्याआधी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस उभा असतो. शब्बाथाच्या दिवशी भले करावे की वाईट, असे येशू विचारतात आणि धर्मपरायण मंडळी गप्प राहतात. ही चुप्पी पाहून प्रभूंना राग आला आणि दुःख झाले, असे मार्कने स्पष्ट लिहिले आहे. पुढे वाटेत आपल्यात मोठा कोण यावर वाद घालून आलेले शिष्य, कशाबद्दल बोलत होता असे विचारताच गप्प होतात. ही लाजेची चुप्पी आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. प्रमुख याजकापुढे खोट्या साक्षी होतात तेव्हा स्वतः येशू गप्प राहतात. ज्याच्या हाती सारी सत्ता आहे त्याने स्वतःसाठी निवडलेले ते मौन. यरीहोच्या वेशीवर आंधळा बार्तिमय भिकारी दयेसाठी ओरडू लागतो आणि लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात. जे क्रियापद प्रभूंनी वादळाला लावले, तेच गर्दीने भिकाऱ्याला लावले. गर्दीला तो भिकारी वादळासारखा वाटला असावा. तो अधिकच मोठ्याने ओरडला. येशू थांबले आणि त्यांनी त्याला बोलावून घ्यायला सांगितले. सबंध शुभवर्तमानात गांजलेल्या माणसाला प्रभूंनी ‘गाऱ्हाणे सांगू नकोस’ म्हटल्याचे एकही स्थळ आम्हांला आठवत नाही. गर्दी म्हणते, शिष्य म्हणतात, देवळातले शास्त्री म्हणतात.

आपला ख्रिस्ती समाज शांत आहे, ही स्तुती आपण अभिमानाने मिरवतो. नाताळच्या समारंभात पाहुणे ती करतात, आपण टाळ्या वाजवतो. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. त्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची आपली धर्मग्रामे म्हणजे मोठ्या प्रदेशात विखुरलेले मूठभर कुटुंबांचे पुंजके. थोडक्या लोकांना शांत राहण्याची गरज असते हे आम्ही जाणतो. पण पाहुणे ज्याची स्तुती करतात ते आपला सलोखा आहे की आपले न बोलणे, हे एकदा विचारून घ्यायला हवे. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले तेव्हा धर्मगुरूने शांत बसावे असे सांगणारे आपल्यातही होते. आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले जेज्वीट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांनी अटकेपूर्वी आपण मूक प्रेक्षक नाही असे सांगून ठेवले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली, आणि ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत असताना मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नव्हते. आपल्या किती धर्मग्रामांतील सभांत त्यांचे नाव मोठ्याने घेतले गेले?

दुसऱ्यांना विचारणे सोपे आहे. म्हणून आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. गाव कोणते ते सांगणार नाही. आमच्या माहितीतल्या एका धर्मग्रामात दफनभूमीच्या वाटेवर नाला आहे. पावसाळ्यात त्याला गुडघाभर, कधी मांडीभर पाणी असते. तेथील एका शेतमजूर बाईचा नवरा श्रावणात वारला. पाणी उतरेपर्यंत प्रेत एक रात्र घरात ठेवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी शवपेटी डोक्यावर घेऊन चौघे पाण्यातून गेले. नाल्यावर फरशी बांधण्यासाठी दोन वर्षांपूर्वी घरटी वर्गणी झाली होती. त्या बाईनेही दोन दिवसांची मजुरी दिली होती. वार्षिक सभेत ती मागच्या रांगेत उभी राहिली आणि वर्गणीचे काय झाले असे तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता. व्यासपीठावरून उत्तर आले, ‘बाई, आज पवित्र दिवस आहे. शांत बसा. उगाच वातावरण बिघडवू नका.’ शेजारच्या बायकांनी तिच्या पदराला धरून तिला खाली ओढले. कोणीतरी प्रार्थना सुरू केली. पुढे चहा झाला.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो होतो. वर्गणी आम्हीही दिली होती. पावती आमच्याजवळ होती, अजून आहे. आम्ही उगामुगा बसलो. घरी येताना सोबतच्या मंडळींना आम्ही म्हणालोही, ‘बाईचे म्हणणे बरोबर होते, पण वेळ चुकली.’ हे वाक्य आम्हांला आज फार टोचते. नवऱ्याची शवपेटी पाण्यातून नेलेल्या बाईने कोणत्या मुहूर्तावर विचारायला हवे होते?

त्या सभेला आता दुसरे वर्ष लागले आहे. ती बाई सभेला येत नाही. मिस्सेला येते, शेवटच्या बाकावर बसते, आणि पुष्कळांच्या मते आता ती अगदी शांत झाली आहे. या महिन्यात आम्ही तिच्या घरी गेलो होतो. आपला प्रश्न लेखी द्यावा का, असे तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझं नाव घाला. पण तुमचंही खाली घाला.’ दोन्ही नावे घालून, पावतीची प्रत जोडून, अर्ज दिला आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घेतला जावा अशी विनंती केली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. नाल्याला सध्या पाणी नाही, मृग लागायला सहा आठवडे आहेत.